आत्याची वीत

जगातल्या सगळ्या कंपन्यांनी आपला माल बाजारात आणण्याआधी तो पाटोद्याला माझ्या आत्याकडे पाठवून द्यावा, असं माझं स्वच्छ मत आहे. सरकारी शिक्के, हमीपत्रं, जाहिरातीतल्या हसऱ्या बायका हे सगळं एका बाजूला, आणि ओसरीवर बसून, चष्मा कपाळावर सरकवून माझ्या आत्याने वस्तूकडे टाकलेली एक नजर दुसऱ्या बाजूला. त्या नजरेतून जी वस्तू पार पडली ती जन्माची टिकते. जी पडली नाही ती दुसऱ्या दिवशी, कधी कधी त्याच दिवशी, दुकानदाराच्या गल्ल्यावर परत येऊन आदळते. हे मी ऐकीव सांगत नाही. पाटोद्याच्या बाजारात माझं वह्या-पुस्तकांचं आणि कंपासपेट्यांचं दुकान आहे. आत्या लांबून येताना दिसली की आमच्या ओळीतले सगळे दुकानदार माझ्याकडे बघून भुवया उडवतात. त्याचा अर्थ, "तुमच्याकडं का आमच्याकडं?"

आत्याने वस्तू आणली म्हणजे ती घरात आली असं होत नाही. ती आधी ओसरीवर उमेदवारी करते. तिच्या धाकट्या दिराने मोठ्या हौसेनं आणलेला कुकर अख्खा पावसाळा ओसरीच्या कोनाड्यात बसून होता. त्यात आधी नुसतं पाणी उकळून झालं, मग म्हशीचं आंबोण शिजलं, आणि म्हशीने काही तक्रार केली नाही तेव्हा कुठे माणसांच्या डाळीला त्यात प्रवेश मिळाला. "वरडतो लई, पण कामाला सच्चा हाय," असा निकाल लागला. प्लास्टिकच्या खुर्च्या विकणारा टेम्पो गल्लीत आला तेव्हा तर आत्याने पलीकडच्या आळीतल्या एका माजी पंचायत समिती सदस्यांना, "जरा येता का, काम हाय," म्हणून बोलावून घेतलं. देहाने हे गृहस्थ तालुक्यात सर्वांत भरदार. बिचाऱ्यांना वाटलं, नळाचा नाहीतर रस्त्याचा प्रश्न असेल. ते आले, आत्याने पुढे केलेल्या खुर्चीत बसले, चहा प्यायले. आत्याने त्यांना एकदा उठवून पुन्हा बसवलं, खाली वाकून खुर्चीचे पाय फाकतात का ते पाहिलं आणि म्हणाली, "झालं काम. या आता."

तिचा दुसरा नियम असा की वस्तूला एकाहून जास्त कामं यायला हवीत. "एका कामाची वस्तू म्हंजी खायाला काळ आन् भुईला भार." म्हणून तिच्या घरची छत्री पावसाळ्यात माणसांवर असते आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुरडयांवर. लाटणं पोळ्या लाटतं, दार अडवतं, कुत्री हाकलतं आणि माझ्या लहानपणी त्याने आणखीही एक काम केलेलं आहे, ते इथे सांगण्याची गरज नाही.

या सगळ्या पारखीचं मुख्य यंत्र म्हणजे आत्याचा उजवा हात. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ताणलेली तिची वीत हे आमच्या घराण्याचं अधिकृत माप. दाराची चौकट, साडीचा पन्हा, दुधी भोपळा, पाळण्यातलं बाळ, सगळं ती वितीने मोजायची. तिचे यजमान, आमचे मामा, कड्याच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. "वजन माझ्याकडं, माप हिच्याकडं. आमच्यात भांडणाला जागा कुठली?" असं ते म्हणायचे, आणि त्यावरून भांडण सुरू व्हायचं. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा आत्या चहाच्या आधीच मुलीला म्हणाली, "हात दाव गं." मंडळींना वाटलं, बाई हस्तरेषा बघतात. मुलीच्या आईने लगबगीनं जन्मवेळसुद्धा सांगितली. आत्याने त्या मुलीचा पंजा पसरून आपल्या पंजाला लावला आणि माझ्या वडिलांकडे वळून म्हणाली, "वीत भरदार हाय. कामाची हाय पोरगी." माझं लग्न तिथेच ठरलं. माझं मत नंतर विचारलं गेलं, तेही कपबशा आत गेल्यावर.

मी दुकान काढलं त्या दिवशी आत्याने नारळ फोडला आणि लगेच माझ्याकडच्या सगळ्या पट्ट्या गल्ल्यावर मांडायला लावल्या. लाकडी, प्लास्टिकच्या, स्टीलच्या. एकेका पट्टीवर तिने वीत टाकली. प्रत्येक वेळी करंगळी बरोबर नऊ इंचांवर. "खरा हाय तुपला माल," ती म्हणाली. पट्टीचं खरेपण वितीवरून ठरवायचं असतं, वितीचं पट्टीवरून नाही, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. गिऱ्हाईक म्हणून मात्र तिने मला भोपळाच दिला. "हात असताना पट्टी कावून घेऊ रं, दत्त्या?"

आता गोधडीचं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. आमच्या घराण्यात कुणाकडेही मुलगी जन्माला आली की आत्या तिच्या नावाचं एक गठुडं बांधायला घेते. मुलीचं पहिलं झबलं आखूड झालं की त्यातून वीतभर लांब आणि वीतभर रुंद असा एक चौकोन कापायचा आणि गठुड्यात टाकायचा. मग फ्रॉक, शाळेचा निळा गणवेश, पहिला पंजाबी ड्रेस, कॉलेजातली ओढणी. मुलगी मोठी होते तसं गठुडंही मोठं होतं. लग्न ठरलं की ते सोडायचं आणि गोधडी शिवायची. आत्या तिला वाकळ म्हणते. मधोमध झबल्याचा चौकोन, त्याच्याभोवती फ्रॉकांचे, त्याच्याबाहेर शाळेचे, असं मुलीचं सगळं वय आतून बाहेर पसरत जातं. चौकोनाच्या कोपऱ्याला कोपरा भिडलाच पाहिजे, यात तडजोड नाही. शेवटची कड शिवण्याआधी आत पोळीचा नखभर तुकडा ठेवायचा, कारण "उपाशी वाकळंला ऊब नसती." आमच्या घरातून आजवर जी मुलगी सासरी गेली ती आत्याची गोधडी घेऊन गेली. न घेता गेलेली एकही नाही.

माझी मुलगी ऋतुजा पुण्यात नोकरी करते. तिचं लग्न ठरलं आणि आत्याने वाजतगाजत तिचं गठुडं सोडलं. ओसरीवर सतरंजी अंथरली, मधोमध झबल्याचा पिवळा चौकोन ठेवला आणि त्याच्याभोवती बाकीचे लावायला घेतले. झबल्याजवळचे फ्रॉक नीट बसले. शाळेच्या गणवेशाला थोडी फट राहिली. पंजाबी ड्रेसपर्यंत पोचेतो फटीतून सतरंजीचे पट्टे दिसायला लागले. कोपऱ्याला कोपरा भिडेना. आत्याने सगळं मोडून पुन्हा मांडलं. पुन्हा तेच. जुने चौकोन मोठे आणि नवे लहान.

आत्याने तपास सुरू केला. पहिला संशय कापडावर. पण धुऊन आटायचं तर जुनं कापड आटायला पाहिजे, इथे जुनंच मोठं. "मग जुनं फुगलंय," आत्या म्हणाली. कापड आटतं हे मी ऐकून होतो, फुगतं हे पहिल्यांदाच ऐकलं. दुसरा संशय पुण्यावर. ऋतुजाचे अलीकडचे कपडे तिकडे मशीनमध्ये धुतले गेले, त्या मशीनने त्यांचा जीव काढला, असं ठरलं. तिसरा संशय माझ्या बायकोवर, गठुडं आमच्या माळ्यावर ठेवलं होतं एवढ्या कारणावरून. आमची सौ. तशी सोशिक, पण त्या दिवशी ती मला म्हणाली, "उंदीर कुरतडतात हे ठाऊक हाय. चारी बाजूंनी सारखं कुरतडणारा उंदीर दावा मला."

ही भानगड फोनवरून ऋतुजाच्या कानावर गेली आणि चार-दोन दिवसांत आत्याच्या नावाने पुण्याहून एक खोकं आलं. ऋतुजाच्या एका मैत्रिणीला गोधड्या शिवण्याचा आधुनिक नाद आहे. तिच्या सल्ल्याने पोरीने गोधडीसाठी म्हणून खास मिळणाऱ्या पट्ट्या आणि साचे मागवले होते. "आत्याआजी, आधी वापरून बघ. पटलं तर ठेवू, नाहीतर परत पाठवता येतं," असा निरोप. परत पाठवता येतं हे वाक्य ऐकून आत्याचा चेहरा खुलला. माझा मात्र पडला. घराण्यात पट्ट्यांचा वंशपरंपरागत नसला तरी चालू व्यापारी मी, आणि माझ्या सख्ख्या मुलीने पट्टी पुण्याहून मागवावी! "एवढ्या किमतीत मी अख्ख्या वर्गाला कंपासपेट्या देतो," मी म्हणालो. आत्या म्हणाली, "तू गप. तुपली पट्टी म्हंजी शाळंची पट्टी. ही वाकळंची हाय. बगू तर दे काय म्हनती."

खोकं उघडलं तर आत काहीच नाही असं आधी आत्याला वाटलं, कारण सगळा माल काचेसारखा आरपार. एक लांब रुंद पट्टी, तिच्यावर आडव्याउभ्या बारीक रेघांचं जाळं. चौकोनी साचे लहानमोठे, षटकोनी साचा, गोल साचा, बदामाच्या आकाराचा साचा, आणि कापड कापायचं एक चाकासारखं फिरणारं पातं. हे सगळं वऱ्हाड ओसरीवर उतरलं आणि त्यांची उमेदवारी सुरू झाली.

पहिल्या दिवशी कापडाला हात लागला नाही. आत्याने वरणफळांची कणीक मळली, लाटली, पट्टी ठेवली आणि ते फिरतं पातं तिच्यावरून सरसर फिरवलं. इतकी एकसारखी वरणफळं पाटोदा तालुक्यात आजवर कुणी खाल्ली नसतील. आम्ही ताटं चाटूनपुसून स्वच्छ केली. बदामाच्या साच्याने शंकरपाळ्या कापून पाहिल्या. त्या बघून शेजारच्या म्हाताऱ्या लाजल्या, म्हणून तो साचा नापास झाला. गोल साचा विरजणाच्या पातेल्यावर ठेवला. झाकण न उचलता दही लागलं का ते दिसतं, म्हणून तो पास. षटकोनी साच्यावर तिने तव्यावरून उतरलेलं गरम भांडं ठेवून पाहिलं. त्याचा पापड झाला. "ताप सोसत न्हाई," आत्या म्हणाली आणि साचा बाजूला टाकला. मी म्हटलं, "अगं, तो कापडासाठी आहे." ती म्हणाली, "कापडावर इस्त्री फिरत न्हाई व्हय?" 

मग आली मुख्य परीक्षा. आत्याने ती लांब पट्टी मांडीवर घेतली, पदराने पुसली, तिच्यावर वीत टाकली आणि चष्मा खाली ओढून पाहिलं. करंगळी साडेसाताच्या आसपास. तिने पुन्हा वीत टाकली. पुन्हा तिथेच. "खोटी हाय पट्टी," तिने जाहीर केलं. "पुण्याचा माल. नऊ इंचाचं साडेसात करून इकतेत."

मी आतून सुखावलो, हे कबूल करतो. "चल दुकानात," म्हणालो, "खरी पट्टी दाखवतो." दुकानात तिने माझ्या लाकडी पट्टीवर वीत टाकली. साडेसात. प्लास्टिकच्या पट्टीवर. साडेसात. स्टीलच्या पट्टीवर टाकली तेव्हा ती माझ्याकडे ज्या नजरेनं पाहायला लागली, त्या नजरेने आजवर दुकानदार मेलेला नाही, पण मरू शकेल. "तूबी?" ती म्हणाली. मग ती उठली आणि बाजारात निघाली. कापडवाल्याचा लोखंडी गज खोटा निघाला. सुताराचं माप खोटं निघालं. अख्ख्या पाटोद्यात एकही माप खरं उरलेलं नव्हतं. मी तिच्यामागून चालत होतो, आणि कधीतरी त्या चालण्यात माझं हसू बंद झालं. मला उमगलं होतं. पण ते तोंडावर सांगण्याची छाती माझी नव्हती, आणि तिच्या मागे थांबलेल्या कापडवाल्याचीही नव्हती.

शेवटचा राहिला टेलर. हे मास्तर आत्याच्याच वयाचे, मशिदीच्या बाजूला त्यांचं जुनं दुकान. आत्या त्यांना मास्तर म्हणते आणि ते आत्याला आपा. झंपरांच्या मापांवरून दोघांची आयुष्यभर भांडणं झालेली. आत्याने आपली सगळी तक्रार सांगितली. मास्तरांनी ऐकून घेतलं, मशीन थांबवलं आणि म्हणाले, "आपा, ते चौकोन हायेत का संगट?" आत्याच्या पिशवीत होतेच. मास्तरांनी पिवळा झबल्याचा चौकोन उचलून मेजावर पसरला. "ही चिंधी कवाची?"

"ऋतुजा रांगत न्हवती तव्हाची."

मास्तरांनी त्याच्यावर फ्रॉकाचा चौकोन ठेवला. "आन् ही?"

"बालवाडीतली."

"ही?"

"सातवीला गेलती तव्हाची." आत्याचा आवाज जरा खाली आला.

मास्तर एकावर एक चौकोन ठेवत गेले. फ्रॉकानंतरचा प्रत्येक चौकोन खालच्यापेक्षा किंचित लहान, आणि प्रत्येकाच्या कडेने खालच्याची कड दिसत होती. कॉलेजची ओढणी ठेवायच्या आधीच आत्याने हात पुढे करून ती त्यांच्याकडून काढून घेतली.  मास्तरांनी फक्त आपला उजवा हात मेजावर पसरून दाखवला. बोटं वाकडी झालेली, पुरती उघडत नव्हती. "माझं बी तेच, आपा," ते म्हणाले. "मी कवाच टेप घेतली."

बाहेर आल्यावर आत्या दुकानापाशी लावलेल्या माझ्या गाडीच्या दिशेनं चालायला लागली. मग आपल्या हाताकडे बघत म्हणाली, "बोटं उघडत न्हाईत रं आता पुरी. मी म्हनत होते, थंडीनं आखडलेत." तिच्या तोंडून स्वतःच्या दुखण्याबद्दल मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलेलं तिला दिसू नये म्हणून मी उगाच पुढे जाऊन गाडी पुसत राहिलो.

तसा उपाय सोपा होता. त्याच संध्याकाळी फोनवर ऋतुजा म्हणाली, आमची सौ.ही म्हणाली, की जुने मोठे चौकोन कापून लहान करायचे. खोक्यात नेमका त्या मापाचा चौकोनी साचा होता. ठेवायचा, पातं फिरवायचं, एका बैठकीत सगळे चौकोन सारखे. आत्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "झबलं कापायचं? लेकराचं कापायचं, मपला हात पुरा उघडत होता तव्हाचं कापायचं, आन् हे आखडलेलं ठिवायचं? न्हाई." ती एवढंच बोलून थांबली नाही. "औंदा वाकळ न्हाई," म्हणाली. "दुकानातली रजई द्या पोरीला. मऊ असती." आणि गठुडं बांधून खुंटीला टांगलं.

आमच्या घरी त्या रात्री कुणी धड जेवलं नाही. ऋतुजा फोनवर रडली. मला रजई आणायची तर बीडच्या बाजारातून भारीतली भारी आणता आली असती. पण आत्याच्या वितीशिवाय माझी मुलगी घरातून बाहेर पडणार, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरेना. लग्न तोंडावर आलं होतं आणि ओसरीवर आत्या पाठ करून ज्वारी निवडत बसायची.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी दुकानाचं शटर उघडायला गेलो तर आत्या पायरीवर बसलेली. मांडीवर पिवळं झबलं. आवाज पहिल्यासारखा, म्हणजे बाजाराच्या टोकापर्यंत जाणारा. "चल उठ. त्या नंबरप्लेटवाल्याकडं जायचंय."

हा नंबरप्लेटवाला तरुण पोरगा, मास्तरांचाच भाचा. मोटारसायकलींच्या प्लास्टिकच्या पाट्या आणि त्यांच्यावर रेडियमची अक्षरं करून देतो. आत्याने त्याच्यापुढे झबल्याचा चौकोन ठेवला. "ह्याच्या मापाची आरपार दिसंल अशी काच काप." त्याने कापली, कडा घासल्या आणि सवयीने विचारलं, "आजी, वर काय लिहू? मामा, भाऊ, आईचा आशीर्वाद, काय बी लिहून देतो." आत्या म्हणाली, "काय बी नगं. कोपरे काटकोनात घे." मग तिने काच झबल्यावर ठेवली, एका कोपऱ्यात दोऱ्याएवढा फरक काढला आणि ती पुन्हा घासायला लावली. पोरगा चुळबुळला. मी त्याला म्हटलं, "बाबा, निमूट घास. पंचायत समितीचे माजी सदस्य सुटले न्हाईत हिच्या हातून." तिसऱ्यांदा घासल्यावर काच पास झाली.

घरी आल्यावर आत्याने खुंटीवरचं गठुडं काढलं. एक आखडलेला चौकोन घेतला, त्याच्यावर आपली नवी काच ठेवली. काचेतून चौकोन दिसत होता आणि त्याच्या चारी बाजूंना किती कमी पडतंय तेही दिसत होतं. "एवढंच का," ती म्हणाली. मग पुण्याची लांब पट्टी आणि ते फिरतं पातं घेऊन तिने लाल कापडाच्या पट्ट्या कापायला सुरुवात केली, आणि प्रत्येक लहान चौकोनाला त्याच्या गरजेएवढा लाल काठ लावून त्याला पुरा वीतभर केला. मशीनवर माझी बायको होती, पट्टी धरायला शेजारच्या म्हाताऱ्या होत्या, धावदोरा घालायला सगळी आळी. पट्टी घसरली की आत्या ओरडायची, रेघ चुकली की ओरडायची, आणि मधेच थांबून म्हणायची, "पट्टी लई कामाची हाय रं. हात थरथरला तरी ही थरथरत न्हाई." आपल्या हयातीत आत्याने परक्या वस्तूची एवढी स्तुती केलेली कुणाला आठवत नाही. निकाल तिने तिथेच देऊन टाकला. लांब पट्टी आणि पातं घरात घ्यायचं. गोल झाकण विरजणावर राहील. चौकोनी साचे आणि बदाम परत. "साचा इकत घिऊ नये," ती म्हणाली. "साचा आपल्या मापाचा करून घ्यावा. पट्टी मात्र इकतचीच बरी." मी दुकानदार माणूस, हे वाक्य माझ्या दुकानात पाटीवर लिहावं की लिहू नये याचा मी अजून विचार करतो आहे.

शेवटची कड शिवण्याआधी पोळीचा तुकडा आत गेला आणि गोधडी पुरी झाली. ती रुखवतात मांडली तेव्हा मांडवातल्या सगळ्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. मधोमध पिवळं झबलं, त्याला काठ नाही. फ्रॉकांना नाही. शाळेच्या गणवेशाला दोऱ्यासारखा लाल काठ, पुढे बोटभर, आणि कडेला आलेल्या ओढणीच्या चौकोनांना तो चांगला रुंद. आतून बाहेर काठ वाढत गेलेला, आणि कोपऱ्याला कोपरा असा भिडलेला की सुई शिरू नये. वरमाय स्वतः खाली बसली, तिने गोधडी उलटून मागचे टाके पाहिले आणि विचारलं, "ह्यो काठ वाढत नेल्याचा नमुना कुठून काढला हो आत्याबाई? आमच्याकडं न्हाई बगितला कधी."

आत्याने पदर खोचला. "मपल्या मनचा हाय," ती म्हणाली. "त्याला वय लागतं."

त्या क्षणी माझी आत्या त्या मांडवात सगळ्यांत उंच होती. वराच्या मावशीने अशीच एक विकत मिळेल का म्हणून विचारलं, तेव्हा आत्याने तिला ओसरीवरच्या वस्तूसारखं आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "आधी पोरगी होऊ द्या, मग या." सगळ्या बायका हसल्या. ऋतुजा हसत हसत रडली आणि आत्याच्या गळ्यात पडली. आत्याने तिच्या पाठीवर तोच हात फिरवला, वाकड्या बोटांचा, आणि मीही मांडवाच्या खांबाआड जाऊन माझं काय करायचं ते करून आलो.

लग्न झालं, पाहुणे पांगले. एका चतुर्थीला आत्या म्हणाली, लिंबागणेशच्या गणपतीला न्यायचं. मी गाडी काढली. देवळात गर्दी होती. रांगेतल्या सासवा सुनांना पुढे ढकलत होत्या आणि त्या काय मागत होत्या हे सांगायला नको. आत्याची पाळी आली. तिने पिशवीतून ती काच काढून देवापुढे धरली. पुजारी म्हणाले, "आजी, नंबरप्लेट का? गाडीची पूजा बाहेर करतात."

"पूजा न्हाई, मागणं हाय," आत्या म्हणाली, आणि तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे सभामंडपात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात देवाशी बोलायला लागली. "देवा, आमच्या घरात आता बारकी पोरगी न्हाई. सगळी पोरंच झालीत. खुंटीला गठुडं न्हाई मपल्या. कुणाच्या बी पोटी दे, पण एक पोरगी दे. माप करून ठिवलंय बग हे. मी असले तर मी कापीन. नसले तर कुणीबी कापील, आता मपला हात लागत न्हाई."

 रांगेतली एक सून खाली बघत होती, तिने वर पाहिलं. आत्याने काच पुसून पुन्हा पिशवीत ठेवली, नमस्कार केला आणि माझ्या खांद्याला धरून पायऱ्या उतरली. तिचा हात खांद्यावर फार हलका लागत होता.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "ऐकलं असंल का रं त्यानं?"

"बीडपर्यंत ऐकू गेलं असंल," मी म्हणालो.

ती हसली. मग तिने ती काच पिशवीतून काढली, पदरात गुंडाळून मांडीवर आडवी घेतली, आणि पाटोदा येईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.